डांगोरे भाऊंचं दुसरं कार्ड

डांगोरे भाऊंकडे पहिल्यांदा कॅमेरा भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला चोराला उभं करावं तसं भिंतीला लावून उभं केलं. मी आधीच चिडलेला होतो. दुसऱ्या दिवशी लग्नाचं काम, माझा कॅमेरा ऐन वेळी बंद पडलेला, आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणतो, "उभा राय तिथं. हालू नको."

"मी फोटो काढून घ्यायला नाही आलो," मी म्हटलं. "काढायला कॅमेरा पाहिजे."

"मालूम आहे. उभा राय."

भिंत निळी होती. शेजारच्या खिडकीतून तिच्यावर दिवसभर सारखा उजेड पडायचा. भाऊंचे हात थरथरायचे, म्हणून त्यांनी कोपरं छातीशी घट्ट धरली, श्वास रोखला आणि एकच फोटो काढला. मागच्या पडद्यावर माझा डोळा मोठा करून पाहिला. पापणीचा केस न् केस दिसतो याची खात्री झाल्यावर कॅमेरा माझ्या हातात दिला.

"हा टेस्ट. कॅमेरा चांगला दिला याचा पुरावा तुले, अन् कोनाले दिला याचा पुरावा मले. जाय आता."

नागपूरला सीताबर्डीत व्हेरायटी चौकापासून पाच मिनिटांवर, खाली झेरॉक्सवाला आणि वर लोखंडी जिना, तिथं त्यांचं दुकान. आमच्या धंद्यात ज्यांना फुल फ्रेम म्हणतात ते मोठ्या सेन्सरचे कॅमेरे त्यांच्याकडे चार होते. विकत घ्यायची ऐपत नसलेले आम्ही लग्नवाले, नवशिकी पोरंपोरी, कुणाला बाळाचे फोटो काढायचे असायचे, सगळे त्या जिन्यानं वर जायचो. भाऊ स्वतः तीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होते. हात थरथरायला लागले तसं एका दिवसात त्यांनी काम सोडलं. "लोकायच्या लग्नाचा सत्यानाश काहून कराचा? चांगल्या हातात कॅमेरा देऊ, तेवढंच." बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन रायपूरला. दुकान हेच घर. खिशात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची पन्नी, टेबलावर लेन्स पुसायचे मलमलचे तुकडे, धुऊन, घडी घालून ठेवलेले.

माणूस कानाचा पक्का. कॅमेरा परत आला की ते डोळ्यांनी नाही, आधी कानानं तपासायचे. कानाशी धरून शटर मारायचे, लेन्सची कडी हळूच फिरवायचे. एकदा माझ्यासमोर धरमपेठेतला एक नावाजलेला फोटोग्राफर कॅमेरा परत द्यायला आला. पुसूनबिसून, चकाचक. भाऊंनी कानाशी धरला आणि विचारलं, "कुठं पडला?"

"कुठं पडला? काही नाही पडला, भाऊ. काय बोलता!"

भाऊंनी पुन्हा कानाशी धरला. "मऊ जागेवर पडला. गालिचा असन नाहीतर गादी. उजव्या कुशीवर."

त्या गड्याचं तोंड उतरलं. स्टेजवरून गालिच्यावरच पडला होता. तो दुरुस्तीचं बोलायला लागला, तर भाऊ म्हणाले, "पडला त्याचं काही नाही गा. यंत्र आहे, पडनच. सांगत नाहीत लोक, त्याचं वाईट वाटते." तो गेल्यावर मी खूप हसलो. त्याची बरी जिरली म्हणून मला आनंद झाला होता. आता ते हसू आठवलं की मलाच माझी शरम वाटते.

भिंतीवर एक पाटी होती, त्यांच्या हातची: 'परत आलेल्या कॅमेऱ्यातलं सर्व पुसलं जाईल.' ही पाटी नुसती लावलेली नव्हती. कॅमेरा परत आला की माणूस खुर्चीवर बसायच्या आत, चहा सांगायच्या आत, भाऊ कार्ड पुसून कोरं करायचे. आणि पुसताना आत काय आहे ते पाहायचे नाहीत. कॅमेरा विचारतो, 'सगळं पुसू का?' भाऊ 'हो' दाबायचे आणि त्या वेळी मान खिडकीकडे वळवलेली असायची. "पाहाचं नाही, पुसाचं." हे त्यांचं रोजचं वाक्य.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. धंद्याच्या पहिल्या वर्षी नवीन लग्न झालेलं एक जोडपं कॅमेरा घेऊन चिखलदऱ्याला गेलं होतं. परत देताना आपले फोटो काढून घ्यायला विसरले. भाऊंनीही पाहिलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात ते पडले, आणि त्या नालायकानं ते मित्रांना दाखवले, मित्रांनी आणखी कुणाला. त्या पोरीला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. तिच्याच नवऱ्यानं काढलेले फोटो, फक्त त्यानंच पाहायचे, आणि घराबाहेर कोण पडली तर ती! भाऊ तिच्या बापाच्या दारात हात जोडून उभे राहिले. बापानं दार लावून घेतलं.

"तवापासून ठरवलं," भाऊ म्हणाले. "आपल्या दुकानातून कोनाच्या घरातलं दुसऱ्याच्या घरात जानार नाही." हा नियम त्यांनी पुढं कधी मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी पुढं आमच्यावर आली.

स्नेहल आली ती गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात. मी तेव्हा दुकानातच होतो, एक फुल फ्रेम परत करत होतो. बँकेत नोकरी करणारी, शहराबाहेर बेशाला राहणारी, पंचविशीतली मुलगी. तिला एका दिवसासाठी कॅमेरा हवा होता. भाऊंनी त्यांच्या सवयीनं विचारलं, "कशासाठी पायजे?"

"बाबांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे," ती म्हणाली. "परवा ऑपरेशन आहे. घशाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल पण आवाज जाईल. पूर्ण जाईल."

भाऊंचं खर्रा घोळवणारं तोंड थांबलं.

तिचे वडील नामदेवराव. उमरेड रोडच्या पट्ट्यातल्या गावांमध्ये हे नाव घ्या, लोक खुर्ची देतील. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटावर माइक धरून कॉमेंट्री करणारा माणूस म्हणजे नामदेवराव. आठ सेकंदांत जोडी धावपट्टी पार करते. त्या आठ सेकंदांत हा माणूस बैलांचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव, बैलाच्या आईचा स्वभाव, सगळं सांगून वर लोकांना हसवायचा. खर्रा मात्र चोवीस तास तोंडात. त्याच खर्र्यानं घसा खाल्ला.

"मोबाइलवर नाही का काढलं कधी?" मी विचारलं.

"आहे ना. 'येताना मेथी आण.' 'गॅस संपला.' असे चार-सहा निरोप आहेत," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा तिचा एकही व्हिडिओ नव्हता आमच्याकडे. बाबांचा तरी चांगला पाहिजे. उद्या दिवसभर ते बोलणार आहेत. पूर्ण पटाची कॉमेंट्री करून दाखवतो म्हणाले, खुर्चीत बसून."

भाऊंनी तिला निळ्या भिंतीपाशी उभं केलं. एरवी ते कुणाला हसायला सांगत नसत. तिला म्हणाले, "हास वं पोरी, होईल चांगलं." मग मी परत केलेला कॅमेरा त्यांनी पुसून तिला दिला. तिनं स्वतःचं कोरं कार्ड आणलं होतं, ते टेस्टच्या आधीच पहिल्या खाचेत घातलं होतं.

आता एवढं सांगणं भाग आहे. या कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात. दुसऱ्या खाचेत दुकानाचं कार्ड कायम असायचं. आणि मी, लग्नाच्या कामात सोपं पडावं म्हणून, कॅमेऱ्याला सांगून ठेवलं होतं की फोटो पहिल्या कार्डात टाक आणि व्हिडिओ दुसऱ्यात. आपलं काम झालं की हे सेटिंग जसं होतं तसं करून परत द्यायचं, हे शेंबड्या पोराला कळतं. मी केलं नाही. घाईत होतो. कार्ड पुसलं तरी सेटिंग पुसलं जात नाही. आणि भाऊंची टेस्ट फोटोची. फोटो पहिल्या कार्डात गेला, छान आला, म्हणजे कॅमेरा ठीक.

दुसऱ्या दिवशी नामदेवराव सकाळपासून बोलले. घसा दुखत होता तरी थांबत थांबत बोलले. स्नेहलनं मध्ये कॅमेऱ्यावर लावून पाहिलं, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कोणत्या कार्डातून ते दिसतंय हे तिला कसं कळणार? संध्याकाळी वडिलांना दवाखान्यात भरती करायच्या आधी तिनं आपलं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं आणि कॅमेरा भाऊंना देऊन गेली. भाऊंनी तिच्यासमोर, मान खिडकीकडे वळवून, दुकानाचं कार्ड पुसलं. तासाभरात तो कॅमेरा एका हळदीच्या कार्यक्रमाला गेला आणि त्या कार्डावर हळद भरली.

चौथ्या दिवशी स्नेहल आली. मी तिथंच होतो. मी त्या दुकानात पडीक असायचो, माझ्या नशिबात हे सगळं पाहणं होतं. वडील दवाखान्यात, गळ्याला भोक, आवाज गेलेला. रात्री तिनं त्यांना दाखवायला म्हणून लॅपटॉपला कार्ड लावलं, तर त्यात सतरा फोटो. व्हिडिओ एकही नाही.

"काका, दुसरं कार्ड होतं ना त्यात?" तिनं विचारलं. बँकेतल्या कुणा जाणत्यानं तिला सांगितलं असावं. "ते कुठं आहे?"

भाऊंनी कॅमेरा घेतला, त्यातलं कार्ड काढलं, हातात धरून पाहत राहिले. मला वाटलं, आता पाटीकडं बोट दाखवतील. कुणीही दाखवलं असतं, मी तर नक्कीच. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी पुसलं, पोरी."

तिला कळलंच नाही. "म्हणजे?"

"तुझ्यासमोर पुसलं. तू इथं उभी होतीस. मी पाह्यलं नाही अन् पुसलं."

ती रडली नाही, ओरडली नाही. मागच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मी त्यांना काय सांगू?" पुन्हा थोड्या वेळानं तेच म्हणाली. मी पाणी आणायच्या निमित्तानं खाली उतरलो. जिन्यात मला लख्ख आठवलं, सेटिंग कुणी बदललं होतं ते. वर जाऊन सांगायला हवं होतं. मी पाण्याची बाटली घेऊन वर गेलो, तिच्या हातात दिली आणि गप्प बसलो.

त्या दिवशी भाऊंनी खिशातली खर्र्याची पन्नी काढून खाली नालीत टाकली. पुन्हा खर्रा खाताना मी त्यांना पाहिलं नाही.

जुन्या रोलची एक प्लास्टिकची डबी त्यांच्याकडे होती. ते कार्ड त्यांनी त्या डबीत ठेवलं, डबी शर्टाच्या आतल्या खिशात. बर्डीवरच्याच, म्हणजे सीताबर्डीतल्याच एका दुकानात गेले, पुसलेलं परत काढून देणाऱ्याकडे. तो म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर सगळं आलं असतं, पण वरून दुसरं भरलं गेलं की खालचं येत नाही. भाऊ पुण्याला गेले. रायपूरपलीकडे कधी न गेलेला माणूस, एकटा बसमध्ये बसून गेला. आठ दिवसांनी परत आले ते एक पेनड्राइव्ह घेऊन. हळदीचे तुकडेच तुकडे, आणि त्यात कुठंतरी, एका कोपऱ्यात वाचलेले नऊ सेकंद. चित्र नाही, नुसता राखाडी पडदा. खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी खाकरतं, आणि एक भरदार, थोडा बसलेला आवाज विचारतो, "हं… सुरू झालं का वं?"

बस. एवढंच.

ते द्यायला भाऊ बेशाला गेले तेव्हा गाडीवर मीच घेऊन गेलो. नामदेवराव घरी आले होते. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर पोरांची पाटी आणि खडू. स्नेहलनं त्यांना सगळं सांगितलेलं होतं. भाऊ त्यांच्यासमोर बसले. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. 'हं… सुरू झालं का वं?'

नामदेवरावांनी बोट वर केलं. पुन्हा लावा. पुन्हा लावलं. सहा वेळा लावलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. आवाज न येणारं हसू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'एवढा बोललो अन् हेच वाचलं!' ते पुसून पुन्हा लिहिलं, 'एवढंच बोललो असतो तर मले हाकललं असतं पटावरून.'

भाऊ उठून बाहेर गेले. खाली पार्किंगमध्ये एका खांबाला टेकून लहान मुलासारखे हुंदके देत होते. मी शेजारी उभा राहिलो. सांगायला ती जागा बरी होती. नाही सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी भाऊ बेशाला जायचे. नामदेवरावांनी पाटीवर लिहूनच दिलं होतं, 'रडाले नका येऊ, चहा प्याले या.' दोघं गॅलरीत बसायचे, एक बोलू न शकणारा आणि एक बोलायचं विसरलेला. आणि दुपारी भाऊ गावोगाव फिरायचे, नामदेवरावांचा आवाज शोधायला. कधी मी सोबत, कधी एस.टी.नं. जिथं जिथं नामदेवरावांनी पट गाजवला, तिथल्या फोटोवाल्यांकडे. मोबाइलवरच्या चित्रफिती खूप मिळाल्या. त्यात शिट्ट्या, डफडं, आरडाओरडा आणि लांब कुठंतरी फाटका भोंगा. तो आवाज आपल्या बापाचा आहे हे स्नेहललाही ओळखता येईना.

मग एका गावच्या फोटोवाल्यानं जुन्या सीडींचा ढीग काढून दिला. चार वर्षांचे पट, चांगल्या कॅमेऱ्यानं घेतलेले. भाऊंच्या चेहऱ्यावर रंग आला. दुकानात येऊन आम्ही पहिली सीडी लावली. नामदेवराव मंचावर, डोक्याला फेटा, हातात माइक, जवळून घेतलेले. तोंड हलतंय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, मागची माणसं पोट धरून हसतायत. आणि वर गाणं. नाचाचं, धांगडधिंग्याचं एक गाणं, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. दुसरी लावली, त्यातही गाणं. तिसरीतही.

आम्ही फोटोवाले हेच करतो. सगळे करतात. मूळ आवाज काढून टाकायचा आणि गाणं चढवायचं. लोकांना तसंच आवडतं, आणि आम्हाला कचकच ऐकत बसावं लागत नाही. कुणी आम्हाला शिकवलं नाही, कुणी कधी विचारलंही नाही.

भाऊ पडद्यावर हलणाऱ्या त्या तोंडाकडं पाहत राहिले. "विजू," ते म्हणाले, "तीस वर्षं मीबी हेच केलं गा. पोरीले सासरी लावून देतानी बाप काही तरी बोलते, तिथं सनई टाकली. म्हातारी आशीर्वाद देते, तिथं गाणं. किती लोकायचे आवाज पुसले असन आपण! त्यातले अर्धे आता जित्ते नसन." मी म्हटलं, सगळेच करतात, भाऊ. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी सीडी गोळा करायला लागलो.

त्या आठवड्यापासून त्यांची टेस्ट बदलली. निळ्या भिंतीपाशी उभं केल्यावर एक फोटो, आणि मग दहा सेकंदांचा व्हिडिओ. "बोल गा, सुरू झालं. नाव सांग, गाव सांग, अजून काही सांगाचं असन तर सांग." पोरं हसायची, कुणी विनोद करायचं, कुणी आईला नमस्कार सांगायचं. भाऊ कान लावून ऐकायचे, दोन्ही कार्डं तपासायचे आणि मगच कॅमेरा द्यायचे. ते दहा-दहा सेकंद भाऊ पुसत नव्हते. कॉम्प्युटरवर साठवून ठेवत होते. कशाला, मी विचारलं नाही.

मलाही उभं केलं त्यांनी. धंदा म्हटला की ओळख नाही. "बोल गा, सुरू झालं." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

नामदेवराव पुढचा हिवाळा पाहू शकले नाहीत. दिवाळी झाली आणि आजार उलटला. शेवटच्या आठवड्यात पाटी धरायचीही ताकद राहिली नव्हती. गेल्यावर स्नेहलचा फोन आधी भाऊंना आला. ते अंत्यविधीला गेले, मागं उभे राहिले. परत येताना एवढंच बोलले, "तिच्यापाशी बापाच्या त्या पूर्ण दिवसाचे नऊ सेकंद आहेत. नऊ. माझ्यामुळं."

मी गाडी चालवत राहिलो.

महिन्याभरानं नामदेवरावांच्या गावचा पट होता. कमिटीवाल्यांनी ठरवलं, पहिली जोडी सुटायच्या आधी नामदेवरावांचा आवाज मैदानात वाजवायचा. सकाळची वेळ, ऊन चांगलं पडलं होतं, दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत. मंचावर स्नेहल, बापाचा फेटा मांडीवर घेऊन. भाऊंनी पेनड्राइव्ह स्वतः लावला आणि बटणावर बोट ठेवलं. कमिटीचा माणूस माइकवर म्हणाला, "आपले नामदेवराव ऐका." मैदान गप्प झालं. बैलसुद्धा कान उभारून होते.

भोंग्यातून खुर्ची सरकली. कुणीतरी खाकरलं. "हं… सुरू झालं का वं?"

आणि मग सगळं मैदान, हजारो माणसं, एका आवाजात ओरडलं, "झालं!"

टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. मग ती शांत झाली. सगळी शांत झाली, कारण त्यांना वाटलं, आता तो बोलेल. सवयच होती ना त्यांची, तो विचारायचा, हे ओरडायचे, आणि मग त्याची गाडी सुटायची. लोक माना वर करून भोंग्याकडं पाहत थांबले. भोंग्यात नुसती खरखर. स्नेहल तोंडावर फेटा धरून बसली होती. भाऊंचं बोट बटणावर होतं आणि ते त्यांना दाबता येत नव्हतं. ती खरखर कितीतरी वेळ चालली. शेवटी मी जाऊन बंद केली.

परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेतली. उमरेड रोडला एका चहाच्या टपरीपाशी. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे मला कळत होतं. उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, भाऊ, ते सेटिंग माझं होतं. व्हिडिओ दुसऱ्या कार्डात टाकायचं. मी बदललं आणि तसंच परत दिलं. चूक माझी आहे.

भाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"मालूम आहे मले."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ती पोरगी गेली अन् मी कॅमेरा उघडून पाह्यला. तुझ्याच हातून आला होता तो."

"मग बोलले काहून नाही, भाऊ? वर्षभर!"

ते माझ्याकडं पाहत राहिले. राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता.

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो," ते म्हणाले.

चहा घेतला नाही आम्ही. बर्डीवर त्यांना सोडलं. संध्याकाळच्या गर्दीत ते लोखंडी जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी वर गेले, मध्ये एकदा थांबले. मला वाटलं मागं वळतील. ते दम खात होते. मग वर गेले. तेच त्यांचं शेवटचं दिसणं, कारण त्यानंतर माझे पाय तिकडं वळले नाहीत, आणि उन्हाळ्यात एका दुपारी दुकानातच खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

रायपूरहून त्यांची मुलगी आली. तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं मला बोलावलं. कॉम्प्युटरवर शेकडो माणसं सापडली, निळ्या भिंतीपाशी दहा-दहा सेकंद उभी. भाऊ त्यात कुठंच दिसत नाहीत. पण प्रत्येकात सुरुवातीला त्यांचा आवाज आहे, आणि त्यांच्या मुलीला तेवढाच हवा होता. मी तिला ते सगळं काढून दिलं. माझाही एक होता. तो मी माझ्याकडे ठेवला.

त्यात भाऊ म्हणतात, "बोल गा, सुरू झालं. नाव सांग, गाव सांग, अजून काही सांगाचं असन तर सांग." मी नाव सांगतो. गाव सांगतो. मग मी कॅमेऱ्याकडं पाहून हसतो आणि गप्प उभा राहतो. भाऊ कॅमेरा बंद करत नाहीत. दहा सेकंद होऊन जातात, वीस होतात, तरी तो चालूच आहे.